हातभर पेर

साठ-एकसष्टची गोष्ट. मी जंगलखात्यात बांबूच्या मोजणीवर होतो. आमच्या रानात बांबूच्या दोनच जाती. झरीच्या बाजारात सुपं विणणाऱ्या कोलाम म्हातारीला मी आशियाभरच्या बांबूंचं चित्रांचं पुस्तक दाखवलं. नावं मी पाठ केली होती. तिनं एकही विचारलं नाही. प्रत्येक चित्रावर अंगठ्याचं नख टेकवून म्हणायची, "याचं पेर केवढं अस्ते?" दोन गाठींमधलं पेर लांब, तर विणायची कामटी सरळ निघते.

आसामातल्या एका बांबूचं पेर मी हातभर सांगितलं. तिनं कोयता खाली ठेवला आणि स्वतःचा हात लांब करून पाहत राहिली.

"एवढ्यात एकबी गाठ नाही?"

"नाही."

"अन् मी दोन जातीतच म्हातारी झाली. पलटव बाबू, लवकर पान पलटव."