पाणी कुणी पाजलं

माझा धाकटा भाऊ एका ग्रीक मालवाहू जहाजावर भटारखान्यात कामाला होता. ताप आला म्हणून त्याला ग्रीसमधल्याच एका बंदरावर उतरवलं आणि चौथ्या दिवशी तो तिथल्या इस्पितळात वारला. जहाज कंपनीच्या मुंबईच्या एजंटाकडून आम्हाला त्याची बॅग आली आणि टाइप केलेलं एक इंग्रजी पत्र. ‘सर्व आवश्यक ते करण्यात आले आहे.’ एवढंच.

आई जत तालुक्यातल्या आमच्या गावी होती. पत्राचा अर्थ सांगितल्यावर तिनं एकच विचारलं, “शेवटाला त्येच्या तोंडात पाणी कुणी घातलं?”

आमच्यात जाणाऱ्याच्या तोंडात घरच्या माणसानं पाणी घालायचं असतं. टँकरच्या पाण्यावर वाढलेली माणसं आम्ही. तिच्या विचारण्याचा अर्थ मला समजावून घ्यावा लागला नाही. पुढे ती तांब्या तोंडाला लावायची आणि मध्येच खाली ठेवायची.

मी मुंबईला गेलो. एजंटाच्या कारकुनानं फाईल उघडलीसुद्धा नाही. “मास्तर, असल्या गोष्टींची नोंद नसते,” म्हणाला. त्याच्या टेबलावर फोन होता. मी हात जोडून म्हणालो, तिकडे विचारा तरी. त्यानं पंखा वाढवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. तो पंखा मी अजून विसरलेलो नाही.

भावाच्या बॅगेत इंग्रजीतून ग्रीक शिकायचं एक पातळ पुस्तक होतं. रोजच्या क्रियापदांच्या पानावर त्यानं पेन्सिलीनं आमच्या बोलीत अर्थ लिहिले होते: दिनो, देतूय. पिनो, पितूय. दुसऱ्या पानाच्या मध्यावर पेन्सिल थांबली होती. तिथून पुढे मी सुरू केलं. साताऱ्यात मी शाळेत मराठी शिकवायचो. मधल्या सुट्टीत ते पुस्तक काढून बसायचो.

“काय गड्या,” शेजारी बसणारे गणिताचे मास्तर म्हणायचे, “ग्रीक शिकून जतला तिकडनं टँकर मागवनार व्हय?”

खोलीभर हसू व्हायचं. मी मान वर करत नसे.

खरा राग त्या पुस्तकाचा यायचा. मी नाचतो, मी पोहतो, मी फोटो काढतो, मला खिडकीजवळचं टेबल हवं. सगळं सुट्टीवर आलेल्यांसाठी. माझा भाऊ तिथं कांदे सोलायला गेला होता. शेवटच्या पानापर्यंत शोधूनही ‘मरतो’ काही सापडलं नाही. त्या पुस्तकाच्या जगात कुणी मरत नसावं.

तीन महिन्यांनी मी इस्पितळाला पत्र लिहिलं. बॅगेतल्या औषधाच्या पाकिटावरचा इस्पितळाचा पत्ता अक्षर न अक्षर चित्रासारखा काढला. वर भावाचं नाव घातलं, खाली मजकूर पाच ओळींचा होता. हा माझा भाऊ. तुमच्या इस्पितळात होता. आता नाही. आई विचारते. पाणी कोण देतो? ‘होता’ सोडलं तर भूतकाळ त्या पुस्तकात नव्हताच.

उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. पावसाळ्यानंतर ते आलं. त्या वॉर्डातल्या परिचारिकेनं मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं होतं. मी नवशिका आहे हे तिनं ओळखलं असणार, कारण माझ्या पुस्तकाबाहेरचा शब्द तिनं जवळजवळ वापरलाच नव्हता. तो पाणी मागतो. मी देते. चमच्यानं देते. तो पितो. माझा हात धरतो. झोपतो.

पुढच्या एसटीनं मी गावी गेलो. आईला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, “तिनं लिवलंय तसं वाच. त्येच्या कानावर तसलंच पडलं आसंल.”

मी ग्रीक वाचलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “लय माया केली बाईनं. आन् त्या हापिसातल्याला हे इचारता येत न्हवतं व्हय रं?”

तिनं तांब्या उचलला आणि पाणी सगळं प्याली.

साताऱ्याला परतल्यावर त्या पत्राची नक्कल करून, खाली इंग्रजी भाषांतर जोडून, मी कारकुनाला रजिस्टरनं पाठवली. वर एकच ओळ लिहिली: ‘ही नोंद आपल्या फाईलला लावावी.’ पोच आली. सही त्याचीच होती.