मामूंचा शब्द

मामू मेथी विकत घेण्याआधी ती पेरायला लावत. आमच्या खाजगी विद्यापीठाचे ते खरेदी अधिकारी. राहणारे वाशीमचे आणि कुलगुरूंपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे मामू. मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर, त्यामुळे मेसच्या भाजीवरून आमचं रोज वाजायचं.

सत्र सुरू झालं की मामू मोटारसायकल काढून गावाबाहेरच्या मळ्यांवर जात. परीक्षा कधी, सुट्ट्या कधी, पोरी घरी कधी जाणार, हे बांधावर बसून सांगत. त्या बेतानं लोक वाफे लावत. लेखी काही नाही. मी चिडवायची, की मामू, तुम्ही नोकरी करता की शेती? ते म्हणत, "मॅडम, माल तं बजारातबी भेटते. भरोसा पेरा लागते."

माणूस हेकट. कोबीत कीड निघाली तर स्वतः मळ्यावर जाऊन भांडत आणि तिथंच जेवून येत.

मग संस्थेनं सगळी खरेदी मुख्यालयाकडे घेतली. सगळ्या शाखांना एकच ठेकेदार, सगळ्यात कमी दराचा. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. मामूंनी एवढंच विचारलं, की आपल्या सांगण्यावरून लावलेल्या भाजीचं काय? करार कुठे होता, असं उत्तर आलं. मामूंच्या जुन्या शेतकऱ्यांपैकी ज्ञानबाभाऊंच्या मळ्यातला आमच्यासाठी लावलेला पालक जनावरांनी खाल्ला. मामू तो पाहून आले. त्यांचा चेहरा मला पाहवेना.

ऐन परीक्षेत, एप्रिलच्या उन्हात, ठेकेदाराची गाडी येईनाशी झाली. रोज नुसते बटाटे. पोरी रिकामी ताटं घेऊन माझ्या दारात बसल्या. तेव्हा मुख्यालयाला मामूंच्या ओळखी आठवल्या.

मी सोबत गेले. ज्ञानबाभाऊंचा मळा वांग्यांनी लगडला होता. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "मामू, आज नेता तं न्या. पन पावसाळ्यात पुन्हा लावू का नको? तुमी म्हनाल तं लावतो."

मी डोळ्यांनी खुणावत होते, की हो म्हणा. मामू खाली बघत म्हणाले, "नका लावू, भाऊ. आता माह्या हातात काई नाई राह्यलं."

भाऊंनी तरी गाडी भरून दिली. पोरी पोटभर जेवल्या आणि मामूंनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. मी पुष्कळ विनवलं, त्यांनी ऐकलं नाही.

पावसाळ्यात मी त्या रस्त्यानं गेले. मळ्यात भाजीचा एकही वाफा नव्हता, सगळीकडे हळद उभी होती. ज्ञानबाभाऊंनी मामूंचा तोही शब्द पाळला होता.