उदगीरहून नवऱ्याकडे

पासपोर्ट-व्हिसाच्या ऑफिसात चार-दोन वर्षं काढली की माणसाकडं किस्से आपोआप साचतात. लग्नात, मयतीत, बसच्या रांगेत कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुमच्याकडं कसली कसली लोकं येत असतील हो?" मग एक सांगितला की दुसरा आठवतो, दुसऱ्यावरून तिसरा. नोकरी सोडून मला आता बरेच दिवस झाले. पण अजूनही एखादा किस्सा आठवला की भाजी चिरता चिरता माझा हात थांबतो. असं खरंच झालं होतं का, असं मीच मला विचारते.

झालं होतं. माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं.

उदगीरच्या मोंढ्यात, एका आडत दुकानाच्या माडीवर, बिरादार सरांचं ऑफिस होतं. सर म्हणजे हायस्कूलमधून रिटायर झालेले इंग्रजीचे मास्तर. परदेशातल्या नवऱ्याकडं निघालेल्या बायकांना आणि बायकोकडं निघालेल्या नवऱ्यांना सल्ला द्यायचा, त्यांचे फॉर्म भरायचे, इंटरव्ह्यूची तयारी करून घ्यायची, हा आमचा धंदा. मी टायपिंगला. खाली तुरीची पोती आणि वर आम्ही, त्यामुळं कॅनडाच्या फॉर्मवरसुद्धा डाळीची धूळ बसायची.

*

पहिल्याच आठवड्यात एक बाई जिना चढून आली. लेक लग्न होऊन नवऱ्याकडं जायची आहे, सीमेपलीकडं, कागदपत्रं अडली आहेत, म्हणाली. मी उत्साहानं नवीन फाईल काढली आणि विचारलं, "कोणता देश?"

"भालकी," बाई म्हणाली.

भालकी म्हणजे इथून बसनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं गाव. फक्त कर्नाटकात. लेकीचं नाव तिकडच्या राशन कार्डावर चढवायचं तर इकडं कमी केल्याचा दाखला लागायचा. आणि इकडं कमी करायचं तर तिकडं चढवल्याचा. लग्नाला तीन वर्षं झाली होती, लेकीला एक मूल होतं आणि ती कुठल्याच राज्यात जेवत नव्हती.

मला वाटलं सर दोन ओळींचा अर्ज लिहून देतील. सरांनी चष्मा काढला, दस्तीनं पुसला आणि हात जोडले. "ताई, अमेरिका सांगा, जर्मनी सांगा, करून देतो. भालकीचं आपल्याला जमायचं न्हाई."

*

पण खरे किस्से सुरू झाले ते सुजातापासून.

लातूरला रेल्वेनं पाणी आणायला लागायचं, ते वर्ष. देवणी तालुक्यातल्या एका गावातून किसनराव आले, एसटीतले रिटायर कंडक्टर. बरोबर त्यांची बायको गयाबाई आणि नवी सून सुजाता. मुलगा मिलिंद नांदेडजवळ विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकून इंजिनिअर झालेला, नोकरीला कॅनडात. जेमतेम तीन आठवड्यांची रजा काढून आला, लग्न केलं आणि परत गेला. सुजाता नांदेडची, बी.एस्सी. झालेली, कमी बोलणारी. तिला नवऱ्याकडं जायचं होतं. एवढंच काम.

मी लग्नाची पत्रिका मागितली. आपल्याकडं पत्रिकेच्या तळाला 'कृपया आहेर आणू नये' असं छापतात, तसं त्यांनीही छापलं होतं. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती: 'येताना पिण्याचे पाणी सोबत आणावे.'

मी ती ओळ दोनदा वाचली. मग फोटो बघितले. विहारात बुद्धमूर्तीपुढं पांढऱ्या कपड्यांत मिलिंद आणि सुजाता हात जोडून उभे, बाजूला भंतेजी, मागं चाळीसेक पाहुणे. आणि प्रत्येक पाहुण्याच्या हातात पाण्याची बाटली.

"जेवणाचे फोटो?" मी विचारलं.

"जेवन न्हवतंच मॅडम," किसनराव म्हणाले. "हात धुवायला पानी कुटं व्हतं? चिवड्याची पाकिटं वाटली."

मी सरांकडं बघितलं. "जसं हाय तसं टाईप करा," सर म्हणाले. "खरं हाय की न्हाई? मग घाबरायचं कशाला?"

*

त्याच फाईलचा दुसरा किस्सा. मराठीतली माहिती किसनरावांनी स्वतः घरून लिहून आणली होती, अक्षर एकदम टापटीप. मी त्यावरून इंग्रजी फॉर्म टाईप केला, सही झाली, आणि पाठवायच्या दिवशी सर ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांना ओरडताना बघितलं नव्हतं.

पत्त्यात लिहिलं होतं, जिल्हा उदगीर!

तेव्हा उदगीर जिल्हा होणार, होणार अशी हवा होती. चहाच्या टपरीवर लोकांनी कलेक्टर ऑफिसची जागासुद्धा ठरवून टाकली होती. मीही उदगीरचीच, त्यामुळं टाईप करताना मला काही खटकलं नाही. चूक माझीही होती.

"किसनराव, अहो जिल्हा अजून झालाच न्हाई!"

किसनराव शांत होते. कंडक्टर माणूस, त्यांनी मनात अंतराचा अंदाज घेतला होता. "सर, फॉर्म कॅनडाला पोचेस्तोवर होतोय की."

आम्ही खोडून लातूर केलं. किसनराव नाराज झाले. नंतर पुन्हा कागद बदलायला लागतील, असं जाताना बजावून गेले. अजून तरी लागलेले नाहीत.

*

आणि मग नकार आला.

हे लग्न खरं वाटत नाही, असं तिकडच्या साहेबानं लिहिलं होतं. भारतातल्या लग्नात शेकडो माणसं असतात, इथं फार कमी दिसतात. जेवणावळ दिसत नाही. होम दिसत नाही. तेव्हा हे लग्न फक्त व्हिसासाठी केलं असावं.

सरांनी एकेक वाक्य मराठीत सांगितलं. किसनराव उभेच राहिले. "होम आमच्यात नस्तो," ते म्हणाले. "छप्पन सालीच सोडलं ते. आमच्या बापानं सोडलं. आता कॅनडासाठी परत पेटवू का?"

सुजातानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "म्हणजे पाणी न्हवतं म्हनून मी बायको न्हाई."

मला त्या साहेबाचा इतका राग आला की मी टाईपरायटरवर... नाही, कॉम्प्युटर होता तेव्हा... कीबोर्डवर हात आपटला. पंधरा दिवसांचा संसार तिचा. परत नकार आला असता तर सारं अवघड होऊन बसणार होतं. माहेरचे विचारत होते, पोरगी अजून इथंच कशी? गावात तर नवरा तिकडंच दुसरी करून बसला, इथपर्यंत बोलणी गेली होती.

सर म्हणाले, पुन्हा अर्ज करू. दुष्काळाचं सविस्तर लिहू. भंतेजींचा दाखला लावू, रेल्वेनं पाणी आल्याच्या बातम्यांची कात्रणं लावू. "आणि किसनराव, लग्नाचा आणखी काही पुरावा असला तर आणा."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं.

*

त्या वर्षी पाऊस असा आला की नदी-नाले भरून वाहिले. विहिरी तुडुंब झाल्या. दिवाळीनंतर किसनराव पेढे घेऊन आले, चेहरा फुललेला. "सर, पुरावा आनलाय. सहाशे मानूस जेवलं."

मला कळेना. लग्न होऊन इतके महिने झाले, नवरा कॅनडात, आणि सहाशे माणूस कशाला जेवलं?

त्यांनी अल्बम उघडला. गावात मांडव. बुंदी, भात, वांग्याची भाजी, पंगतीच्या पंगती. स्टेजवर दोन शाही खुर्च्या. एकीवर नटलेली सुजाता. दुसऱ्या खुर्चीवर उशी, उशीवर मोबाईल उभा केलेला आणि मोबाईलमध्ये व्हिडिओ कॉलवर मिलिंद. तिकडं पहाट असावी, कारण तो स्वेटर घालून डोळे चोळत होता.

एवढ्यावर भागलं असतं. पण गावकऱ्यांनी नवरदेवाचा मान राखायचा म्हणून मोबाईललाही हार घातला होता. पुढं समई.

सरांनी चष्मा काढून फोटो डोळ्यांजवळ नेला.

"किसनराव," सर म्हणाले, "हे पाठवलं तर त्ये म्हनतील लग्न खरं व्हतं, पन नवरा वारला."

किसनरावांनी फोटो हातात घेऊन पहिल्यांदाच नीट बघितला. मग गयाबाईंनी बघितला. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि तिथल्या तिथं मिलिंदला फोन लावला, लेकरा बरा हायस ना म्हणून.

*

दुसऱ्या अर्जानंतर इंटरव्ह्यू ठरला, फोनवर. आम्ही तयारी सुरू केली. सर टाय लावून साहेब झाले. समोर सुजाता, तिच्या मागं गयाबाई.

"तुमच्या नवऱ्याला जेवायला काय आवडतं?" सरांनी विचारलं.

सुजातानं वळून गयाबाईंकडं बघितलं. हा अगदी सोपा प्रश्न, सगळे साहेब विचारतात.

"मला काय माहीत सर," ती म्हणाली. "पंधरा दिवस व्हते. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी जेवायचं आवतन. मी त्यांना एकदाबी करून घातलं न्हाई."

"शेंगाची चटणी," मागून गयाबाई म्हणाल्या. "आन कडक भाकर."

"झोपताना घोरतात का?"

"घोरतो," गयाबाई. "कुशीवर केलं की थांबतो."

"अंगावर एखादी खूण?"

"डाव्या गुडघ्याला. बैलगाडीतून पडल्याला."

सरांनी टाय सैल केला. "गयाबाई, ह्या हिशोबानं व्हिसा तुमालाच मिळतोय."

गयाबाईंनी गंभीरपणानं विचारलं, "मिळतो का?"

*

इंटरव्ह्यूच्या दिवशी फोन आमच्याच ऑफिसात घ्यायचं ठरलं, कारण त्यांच्या गावात रेंज टिकायची नाही. खोलीत नातेवाईक कुणी नको, अशी तिकडची अट. सरांनी गयाबाईंना आणि किसनरावांना जिन्यात बसवलं आणि दार लोटून घेतलं. मी आणि सर गप्प बसायच्या बोलीवर बाकावर.

फोन स्पीकरवर. साहेब इंग्रजीत विचारायचा आणि एक दुभाषी बाई मराठीत सांगायची. बाईंचं मराठी एकदम पुस्तकी. "आपले यजमान कोठे कार्यरत आहेत?" वगैरे. सुजाता नीट उत्तरं देत होती. पाण्याच्या बाटल्यांचं सांगितलं, चिवड्याचं सांगितलं. होम का नाही, तेही मान वर करून सांगितलं. सरांनी मला अंगठा दाखवला.

मग बाई म्हणाल्या, "आपण यजमानांशी दूरध्वनीवरून काय बोलता?"

"काही न्हाई," सुजाता म्हणाली.

सरांनी कपाळावर हात मारला, आवाज न करता.

"काहीच नाही?"

"रोज फोन येतो. पन स्पीकरवर अस्तो. सासूबाई बोलत्यात, सासरे बोलत्यात, शेजारच्या काकू येत्यात. सगळे मिळून बोलत्यात. मी शेवटी हाव म्हनते, ठेवते म्हनते."

बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. इतक्या महिन्यांची मेहनत, कात्रणं, दाखले, सगळं या एका उत्तरात पाण्यात गेलं, असंच मला वाटलं.

"साहेब विचारतात, मग आपल्याला कॅनडाला कशासाठी जायचं आहे?"

ह्याचं उत्तर आम्ही तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. पतीसोबत सुखाने वैवाहिक जीवन व्यतीत करण्यासाठी. सर बाकावरून ओठ हलवून तिला आठवण करून देत होते.

सुजातानं सरांकडं बघितलंच नाही. "भांडायला," ती म्हणाली.

मग बाईंचं पुस्तकी मराठी गेलं. "काय म्हणालात?"

"भांडायला. लग्न झाल्यापासून एकदाबी मनासारखं भांडता आलं न्हाई. सगळे ऐकून राहिलेले अस्तात. माणूस लग्नानंतर पंधरा दिवसांत निघून जातो, मला किती राग आला आसंल? त्यो कुणाला सांगू? सासूबाई चांगल्या हायत, त्यांच्यासमोर त्यांच्या लेकाला कसं बोलू?" तिनं फोन जवळ ओढला. "दार लावून, दोघांतच, एकदा भांडायचंय मला."

बाईंनी सगळं सांगितलं. साहेबानं काहीतरी विचारलं.

"साहेब विचारतात, पहिलं भांडण कशावरून करणार?"

"ते मी त्यांनाच सांगनार," सुजाता म्हणाली. "साहेबाला कशाला?"

फोन बंद झाला. मी उठून दार उघडलं तर गयाबाई जिन्यात नव्हत्या, अगदी दाराला लागून उभ्या होत्या. त्यांनी सुनेकडं बघितलं, तिची पर्स उचलली आणि पुढं होऊन जिना उतरल्या.

व्हिसा आला.

निघायच्या दिवशी मीही उदगीर स्टेशनला गेले. हैदराबादची गाडी, तिथून विमान. किसनराव कंडक्टरसारखे सामान मोजत होते. तो फोन झाल्यापासून गयाबाईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, घरातही नाही, असं सुजातानं मला हळूच सांगितलं. तिला तीच भीती होती.

गाडीनं शिट्टी दिली तशा गयाबाई खिडकीशी गेल्या. गजातून हात घालून त्यांनी सुनेचं मनगट घट्ट धरलं.

"भांड माय, पोटभर भांड," त्या म्हणाल्या. "पन कामावरून आला की आदी त्येला जेवू दे."