वसंताचे सुटलेले तापकरी

समस्त वाचकांनी हातातला कप खाली ठेवावा. डोक्यावर टोपी असल्यास काढावी. अत्यंत गंभीर निवेदन होत आहे — जे मी आजवर बायकोला सांगितलेलं नाही, देवाला तर मुळीच नाही.

मी वसंतावर जळत होतो.

एवढंच? थांबा. आम्ही दोघे हिवताप खात्यात. दर पंधरवड्याला दारोदार जाऊन घरात कुणाला ताप आहे का विचारायचं, असेल त्याच्या बोटातला रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. तारकर्लीत वसंता दिसला की बायका शहाळं फोडायच्या. माझ्या गावांत मला बघून पोरं पळायची — कोंबड्यासुद्धा. आणि इन्स्पेक्टरची जागा होती एकच.

मग पुण्याहून आकडेशास्त्राचे एक साहेब आले. वसंताची यादी न बघता दुसऱ्याने तीच घरं फिरायची. त्याला सापडलेल्या तापकऱ्यांतले किती वसंताकडे आधीच आहेत, यावरून एकूण सुटले किती ते गणिताने काढायचं. देखणं गणित! आणि तो दुसरा कोण? — मी.

मला वीसजण सापडले. त्यांतले सोळा आपणहूनच म्हणाले, वसंता रक्त घेऊन गेला. सोळा! ज्याच्या त्याच्या तोंडी वसंता. मी खोटं नाव एकही लिहिलं नाही हो — फक्त त्या सोळांतली बारा गाळली. उरली आठ, जुळली चार. गणित बिचारं इमानी. त्याने सांगितलं, वसंताचे निम्मे तापकरी सुटतात. काय गोड झोप लागली मला त्या रात्री.

पण वसंता भांडला नाही. त्याने गणितावर विश्वास ठेवला. महिनाभर, भर उन्हात, तो नसलेले तापकरी शोधत वाळू तुडवत राहिला — आणि सोबतीला मागून घेतलं कुणाला? मलाच.

एका दारात म्हातारी जाळं विणत होती. माझ्या बारांतली एक. माझ्याकडून कोण सुटलं गो आये, असं वसंताने तिला विचारलं. तिचं उत्तर ऐकून तो हसला, वयाने विसरते म्हणाला, पुढच्या घराकडे वळला. मीही त्याच्या मागोमाग वळलो. इन्स्पेक्टर मी झालो. वसंताची बदली घाटाच्या पायथ्याला झाली. म्हातारी काहीच विसरली नव्हती. जाळ्यावरून मान वर करून ती सरळ मला म्हणाली होती,

"रे, वसंतान माझा रगात न्हेल्यान म्हणान मी तुका तेव्हाच सांगलंय मगे — तू लिवक नाय?"