सीमेवरून परतलेला ड्रायव्हर

मंगरूळपीरच्या बसस्टँडजवळच्या टपरीवर तो माझ्या शेजारी बसला होता. आपल्याकडची संत्री ट्रकमध्ये भरून तो बांगलादेशला निघाला होता, पण सीमेवरचं फाटक बंद असल्यानं तिथंच अडकला आणि निम्मा माल नासल्यावर परतला. टीव्हीवर दोन देशांच्या व्यापाराच्या बोलण्यांची बातमी चालू होती. भोवतीची माणसं त्या देशाला शिव्या देत होती. तो बशीतला चहा फुंकत होता.

“तुले राग नाही येत?” एकानं विचारलं.

“येते ना. पण फाटकापलीकडचा हमाल मले रोज विचारे, आज खुलेगा क्या? अन् मी त्याले तेच.”

त्यानं चहा संपवून बशी खाली ठेवली.

“वास जाऊन नाही राह्यला,” म्हणत तो पुन्हा ट्रक धुवायला गेला.