मंगळवारचा कागद

कर्णिक सर खोलीत शिरले की आधी बोलत नसत. दारातच चपला काढत, पाऊल न वाजवता कोपऱ्यातल्या यंत्रापाशी जात, कागद निरखत आणि मग हळूच विचारत, "काय शेवंताबाई, काल पृथ्वी काय म्हणाली?" मी लाजून चहाचं आधण ठेवायला वळे.

गिरगावातल्या एका वाडीत, तळमजल्यावर, भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या मंडळाची ती खोली होती. सर कॉलेजातून निवृत्त झालेले, मंडळाचे चिटणीस. दर महिन्याच्या व्याख्यानाला सहा-सात जण येत, पण सर शंभर जण असल्यासारखे बोलत. पावसाळा सरला की सभासदांना वरळीच्या खडकांवर नेत. चहाची किटली घेऊन मीही जाई. एकदा सर म्हणाले, "हा दगड एकेकाळी पातळ होता, बाई." मी विचारलं, चहासारखा? "छे, पिठल्यासारखा. आणि तसाच खदखदत."

मी त्याच वाडीत राही आणि मंडळाची झाडलोट आणि चहा करी. चौथी शिकलेली म्हणून सरांनी मला यंत्राचं कामही शिकवलं. रॉकेलच्या दिव्यावर कागद धरून काजळीने काळा करायचा आणि फिरत्या डब्यावर गुंडाळायचा. जमीन हलली की सुई त्या काजळीत पांढरी, वाकडीतिकडी रेघ ओढी. रोज कागद बदलून त्यावर तारीख घालायची. ट्राम गेल्याची बारीक थरथर मला ओळखता येऊ लागली, तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आमच्या बाई आता ट्राम वाचतात." तोवर माझं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. ताकीद एकच होती, सरांनी बघितल्याशिवाय कागद पुसायचा नाही. डबा फिरवणाऱ्या घड्याळाला दर सोमवारी ते स्वतः चावी देत. एकदाही चुकले नव्हते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. एका मंगळवारी दुपारी मोर्चावर अश्रुधूर सोडला आणि माणसं आमच्या वाडीतून पळाली. संचारबंदी लागली, सर दादरला घरीच अडकले. संध्याकाळी कागद पाहिला, तर सुई बराच वेळ हेलकावलेली. ट्राम तर बंद होत्या. ही पळणाऱ्यांची पावलं, असं मीच ठरवलं. कोरे कागद संपले होते, दुकानं उघडी नव्हती. तोच कागद पुसून मी पुन्हा काजळला.

गुरुवारी सर आले आणि त्यांनी मंगळवारचा कागद मागितला. ताकीद आठवली आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"घड्याळ बंद पडलं होतं, सर. काल मीच चावी दिली."

सर चष्मा काढून उभे राहिले. "म्हणजे सोमवारी मी दिलीच नाही?"

"नसेल दिली."

"बरं झालं, तुम्ही होता," ते म्हणाले.

आठवड्याने पुण्याच्या वेधशाळेचं पत्र आलं. त्या मंगळवारी दुपारी दूर कुठेतरी मोठा भूकंप झाला होता. इतर ठिकाणच्या यंत्रांनी तो टिपला होता आणि आमची नोंद मागितली होती. गिरगावात ट्रामच्या धक्क्यांत हे यंत्र काय कामाचं, असं काही सभासद आधीच म्हणत होते. वार्षिक सभेत त्याचा निकाल लागायचा होता. ती एक नोंद दाखवली असती, तर त्यांची तोंडं मिटली असती. सभेत सर उभे राहून म्हणाले, "चावी द्यायची माझ्याकडून राहिली. यंत्राला दोष देऊ नका." मागून कुणीतरी म्हणालं, "कर्णिक, आता नातवंडं सांभाळा," आणि चार जण हसले. मी दाराशी कप विसळत होते. धुतलेलेच कप पुन्हा विसळत राहिले.

सभेच्या ठरावाने यंत्र पुण्याच्या वेधशाळेला गेलं. सरांनी चिटणीसपद सोडलं. पुढे व्याख्यानाला येत, पण कुलूप लावून झाल्यावर वाडीच्या तोंडापासून परत येत आणि ओढून बघत. बोलता बोलता थांबून, "हे मघाशी सांगितलं का मी?" असं विचारत. त्यांच्या डोक्यात काही बिघडलेलं नव्हतं, हे जगात फक्त मला माहीत होतं.

वर्ष सरता सरता ते मुलीकडे नागपूरला कायमचे राहायला निघाले. निरोप घ्यायला खोलीवर आले, तेव्हा आम्ही दोघंच होतो. म्हणाले, "एक विचारू, बाई? त्या सोमवारी चावी फिरवल्याचं माझ्या बोटांना आठवतं. घड्याळ खरंच बंद होतं?"

खरं सांगायला याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती.

"बंदच होतं, सर," मी म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, मान हलवली आणि मला हात जोडून, "तुम्ही फार सांभाळून घेतलंत," म्हणत बाहेर पडले.