वरवंटे मागणाऱ्या बाई

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई लोकांच्या स्वयंपाकघरात शिरून वरवंटा मागायच्या. उसना नव्हे, कायमचा. खांद्याला पिशवी, पिशवीत बदल्यात द्यायला पाथरवटाकडून आणलेला नवाकोरा वरवंटा, आणि दारातूनच विचारणा, "ताई, तुमचा वरवंटा दाखवता का जरा?" नाकाडोंगरीच्या बायका आधी हसायच्या, मग एकमेकींकडे बघायच्या. एकीने तर मलाच बाजूला घेतलं, "सर, बाईचं डोस्कं ठिकानावर हाये ना?" मी तेव्हा शाळेत नवा होतो, मराठी शिकवायचो. शंका मलाही तीच होती. पण सहकारी म्हणून "हो हो, आहे" म्हणालो.

गोष्ट अशी होती. फार पूर्वी, देश नवा असताना, आमच्या जंगलाच्या कडेला अणुखनिज शोधणाऱ्या शास्त्रज्ञांचे तंबू पडले होते. दोन हिवाळे ते लोक राहिले. जमिनीला खोल भोकं पाडून त्यांनी दगडाच्या लांबट गोल कांड्या बाहेर काढल्या, प्रत्येकीवर रंगाने नंबर घातला, थोड्या बरोबर नेल्या आणि बाकीच्या तिथेच टाकून निघून गेले. आता असा मुठीत मावणारा गोल दगड रानात पडलेला दिसला तर घरची बाई काय करेल? घरी आणून त्याने मिरच्या वाटेल. तेच झालं. आमच्या भागातला अणुविज्ञानाचा सगळा इतिहास पाट्यावर झिजत होता.

पोरं बाईंना 'रेडियमबाई' म्हणत. पुस्तकात अणूवर एक धडा, पण बाई त्यावर महिना घालवायच्या. पोलंडहून पॅरिसला गेलेली ती शास्त्रज्ञ बाई गळक्या शेडमध्ये लोखंडी दांड्याने खनिज कशी ढवळायची, तिच्या वह्या अजून शिशाच्या पेटीत का ठेवाव्या लागतात, हे सांगताना बाईंचा आवाज खाली यायचा आणि मागच्या बाकावरची मस्ती आपोआप थांबायची. नाव इतकं पसरलं की एक गडी मोटारसायकल घेऊन शाळेत हजर, "नंबर प्लेटले रेडियम लावून देता का?" बाईंनी त्याला खुर्ची दिली आणि खरं रेडियम म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं. बिचारा पुन्हा फिरकला नाही.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "शोध कुणी लावला ते पुस्तकात आहे. घमेलं कुणी उचललं ते सांगा." त्यांच्या आईने मँगनीजच्या खाणीवर जन्मभर घमेली उचलली होती. धम्म घेतलेल्या त्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी म्हणजे आमच्या बाई. त्यांच्या जाड रजिस्टरात जगभरच्या जुन्या अणुशास्त्रज्ञांची चरित्रं हाताने उतरवलेली असत, आणि प्रत्येकाच्या खाली त्याचे मदतनीस, काच फुंकून नळ्या बनवणारे कारागीर, आकडेमोड करणाऱ्या मुली. नाव मिळालं नाही तर तेवढी जागा कोरी सोडायच्या. मी एकदा विचारलं, ही कोण भरणार? म्हणाल्या, "ज्याला माहीत असेल तो."

वरवंटे जमवायला दोन वर्षं गेली. मी वैतागून म्हणालो, "बाई, सरळ सांगून टाका ना, यात किरणं आहेत म्हणून. संध्याकाळपर्यंत सगळे वरवंटे शाळेत हजर होतील." बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता मलाच बाकावर उभं करतात. "सर, बायकांना भीती घालून गोळा केलेल्या दगडांना मी इतिहास म्हणू?"

दगड आले खरे, पण नंबर घासून गेलेले. कोणती कांडी कोणत्या भोकातली, कोण सांगणार? सांगणारे एकच उरले होते, बुधाबाबा. तरुणपणी ते त्या तंबूवर मजूर होते. किरणं मोजायची जड पेटी पाठीवर घेऊन साहेबाच्या मागे त्यांनी रान तुडवलं होतं. ते शाळेत यायचे, दगडाला पाण्याचं बोट लावायचे, उजेडात धरायचे आणि सांगायचे, "हा नाल्याजवळचा. हा त्याच्या खालचा." प्रयोगशाळेच्या टेबलावर हळूहळू ओळ लागत गेली.

एक दिवस हातातला दगड खाली ठेवून बाबा म्हणाले, "बाई, एक इचारू? दोन हिवाळे मी थे पेटी वायली. थे टकटक वाजे, सायेब लिवून घेत. मंग एक दिवस तंबू उठले, गाडी गेली. त्यातून निंगालं काय, थे मले कोनी सांगतलंच नाही. मरायच्या पह्यले येवढं समजलं पायजे."

बाईंनी शब्द दिला, आणि पत्रं सुरू झाली. जिल्हा नुकताच फुटला होता. बाईंचं पत्र भंडाऱ्याहून गोंदियाला जायचं, तिथून परत भंडाऱ्याला यायचं, आणि दोन्हीकडून उत्तर एकच, कागद तिकडे असतील. बाई हटल्या नाहीत. याला विचार, त्याला विचार करत त्या थेट तंबूवरच्या साहेबाच्या घराच्या पत्त्यापर्यंत पोचल्या. साहेब हयात होते.

त्यांचं उत्तर धानाच्या कापणीत आलं. एक पान, थरथरतं अक्षर. खाणीच्या लायकीचं तिथे काही मिळालं नाही, म्हणून काम बंद केलं. आणि आपण विचारता त्या मजुराचं नाव मला आठवत नाही, क्षमा असावी.

बाबा तोवर खाटेला लागले होते. मी हात जोडले. "बाई, सापडलं म्हणून सांगा. साहेबाने आठवण काढली म्हणून सांगा. कोण तपासायला येतंय?"

"सर, गोड बोला असं नाही म्हणाले ते. काय निघालं ते विचारलंय त्यांनी."

मला भयंकर राग आला. असला कसला कोरडा खरेपणा? तरी गेलो बरोबर. बाबा अंगणात खाटेवर पडले होते. बाईंनी पत्र अख्खं वाचून दाखवलं, एक ओळ गाळली नाही.

"म्हंजे काहीच नाही निंगालं?"

"काहीच नाही, बाबा."

बाबांनी थोडा विचार केला. "म्हंजे इथं खनू नका, असं आमी सांगतलं त्याइले."

"हो. तुम्ही सांगितलं."

"आन माहं नाव त्याइले याद नाही?"

"नाही, बाबा."

घरात भांडी घासणारी सून थांबली. मी मान खाली घालून मनातल्या मनात बाईंना शिव्या देत होतो. तेवढ्यात खाट करकरली. बाबा कोपरावर जोर देऊन उठून बसले होते.

"त्याइले नसन याद. म्हातारे झाले असतीन बिचारे. मले सब याद हाये. लिवा, बाई."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. साहेबाचं पूर्ण नाव, जोडीदार साहेबाचं, ड्रायव्हरचं, स्वयंपाक्याचं, पाणी भरणाऱ्या दोघींचं. कोणत्या साहेबाला तापात आई आठवायची, कोण चुलीपाशी बसून गणितं सोडवायचा, पेटी बंद पडली तेव्हा कोण रडलं. सगळ्यात शेवटी स्वतःचं नाव. बाईंचे डोळे वाहत होते आणि हात थांबत नव्हता. मला स्वतःची लाज वाटली, ती आजही वाटते. माझं ऐकलं असतं तर बाबा समाधानाने झोपले असते आणि ही सगळी माणसं त्यांच्याबरोबरच गेली असती.

बाबा पुढच्या उन्हाळ्यात गेले. दगड शाळेच्या कपाटात अजून आहेत.

निवृत्तीनंतर बाई भंडाऱ्याला भाचीकडे राहू लागल्या. मागच्या वर्षी भाचीचा फोन आला, "मावशी आता कोनाले ओळखत नाही. येऊन जा, सर." गेलो. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, पातळ इस्त्रीचं. शाळेत पहिल्या दिवशी बसायला सांगितलं होतं तितक्याच अदबीने मला बसायला सांगितलं.

"आपण कोण?"

मी नाव सांगितलं, शाळा सांगितली. त्या सभ्यपणे हसल्या. "मी विसरते हल्ली. लिहून देता का?"

टेबलावर जुनं कॅलेंडर होतं. त्याच्या मागे मी माझं नाव लिहिलं. काय वाटलं कोण जाणे, खाली त्यांचंही लिहिलं : प्रमिला सदाशिव रामटेके. बाईंनी कागद जवळ घेतला. माझ्या नावावरून बोट खाली आलं आणि दुसऱ्या ओळीवर थांबलं. एकेक अक्षर लावून त्यांनी ते वाचलं.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

मी खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला लागलो.